कंट्रोल, शिफ्ट आणि विळा

आज सकाळी दोरीवरचा टॉवेल झटकला तर त्यातून भुसकटाचा बारीक भुगा उडाला. तुरीची काढणी सुरू झाली म्हणजे. आता पुढचे कित्येक दिवस कर्नाटकातल्या आमच्या आळंदच्या हवेला हा मळकट पिवळा रंग राहणार. सायकलच्या सीटवर, दुकानांच्या फळ्यांवर, बशीतल्या चहावर हा भुगा बसणार. बाजारात पोत्यांच्या थप्प्या लागतील, उमरग्याकडून आणि अक्कलकोटकडून टेंपो येतील, लोक कन्नडमध्ये भाव विचारतील, मराठीत मान हलवतील आणि उर्दूत सौदा ठरवतील. सगळ्यांना आवडणारे दिवस आहेत हे. मला त्यांची भीती वाटते.

भीती दोन आवाजांची आहे. एक मळणीच्या मशीनचा. तो गावभर ऐकू येतो. दुसरा इतका बारीक की शेजारच्या खोलीतही पोचत नाही. कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातली बटणं एकदम दाबल्यावर होतो तो. दोन्ही आवाज एकाच हंगामात माझ्या कानात शिरले आणि एकमेकांत असे गुंतले की आता एक आला की दुसरा आपोआप ऐकू येतो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, महादेवी. तिचं लग्न मोडलं, ती घरी आली आणि गावातल्या एका दाळमिलमध्ये कामाला लागली. आधी चाळणीवर, मग वजनकाट्यावर. मिलमध्ये हवा अशी नसतेच. तुरीची टरफलं आणि पीठ यांच्या मधे जी काही फट उरते, तिच्यातून श्वास ओढून घ्यायचा. एका हंगामात तिला खोकला लागला तो हंगाम संपला तरी राहिला. मिलमधून घरी येताना ती मशिदीमागच्या भिंतीला हात टेकून उभी राहायची. कुणी ओळखीचं दिसलं की चप्पल नीट करतेय असं दाखवायची.

कलबुर्गीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली. मग कन्नडमध्ये, अगदी शांतपणे म्हणाले, धूळ सुटली तर छाती सावरेल. नाही सुटली तर पुढच्या तुरीला काय होईल ते मला विचारू नका. शांतपणे म्हणाले म्हणूनच जास्त भीती वाटली. परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीच्या काचेवर बोटानं काहीबाही गिरवत होती. मी विचारलं, “काय लिहायलीस?”

“काय न्हाई गं. काच पुसायले.”

आमच्या घरात अन्याय दिसला की पहिल्यांदा पत्रक निघतं. अप्पा, म्हणजे आमचे वडील, शेतकरी-शेतमजुरांच्या संघटनेचं काम करतात. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. दुधाच्या पिशवीखाली पत्रक, डब्याच्या तळाला पत्रक, शाळेच्या पुस्तकाला कव्हर पत्रकाचं. शाळा कन्नड होती, मराठी मात्र आम्हाला पत्रकांनी शिकवली. त्यामुळे माझ्या मराठीला अजून थोडा घोषणेचा वास येतो, आणि मला त्याची लाज वाटत नाही. अप्पा सांगायचे, पत्रकात तीनच गोष्टी लागतात. कुणाला सांगायचंय, काय चुकलंय आणि काय पाहिजे. यांतली पहिली गोष्ट कधी बदलायची नाही. प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर तोच शब्द असायचा: शेतकऱ्यांनो.

हा शब्द जरा नीट बघा. त्यात य च्या आधी एक अर्धा र आहे, आडवा, वाकडा, कडेला टेकल्यासारखा. ‘सूर्य’ किंवा ‘कार्य’ लिहिताना हाच र डोक्यावर जाऊन बसतो. पण शेतकऱ्यात, कष्टकऱ्यात, वाऱ्यात आणि पायऱ्यांत तो खाली उतरतो, अक्षरांच्या रांगेत उभा राहतो. अप्पा त्याला विळा म्हणायचे. “बघ, शेतकऱ्याच्या पोटाशी विळा हाय,” ते माझं बोट धरून त्याच्यावरून फिरवायचे. मला बरीच वर्षं वाटत होतं की व्याकरणातही त्याला विळाच म्हणतात.

पत्रकं छापायची खादरचाचांच्या प्रेसमध्ये. तिथं लग्नपत्रिका कन्नडमध्ये, उर्साची पोस्टरं उर्दूत आणि अप्पांची पत्रकं मराठीत निघायची. आम्ही बहिणी शाळेत असताना एकदा पत्रक आलं ते माथ्यावर ‘शेतकर्यांनो’ असं छापून आलं. अप्पा गठ्ठा काखेत मारून तसेच परत गेले. मी मागे.

“चाचा, हे काय केलात?”

“क्या हुआ? सही तो है.”

“माझ्या शेतकऱ्याच्या पोटाचा विळा काढलात, अन् त्याच्या डोस्क्यावर टोपी घातलात.”

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाशी धरला. “अप्पा, थंडी के दिनाँ हैं. टोपी पैन्या तो क्या बिगड्या?”

सगळा प्रेस हसला, अप्पासुद्धा. पण गठ्ठा त्यांनी तिथंच ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून मराठी पत्रकं टाइप करायला अक्का प्रेसच्या कॉम्प्युटरवर बसू लागली. शाळा सुटली की ती तिकडं जायची. लातूरहून आलेल्या एका टाइप करणाऱ्या माणसानं तिला विळ्याची युक्ती दाखवली. आधी र दाबायचा, त्याचा पाय मोडायचा, मग कंट्रोल आणि शिफ्ट धरून एकचा आकडा दाबायचा, आणि मग य. त्या एकच्या आकड्यानं पडद्यावर काही उमटत नाही, एक न दिसणारा सांधा तेवढा बसतो, आणि टोपी उतरून विळा हातात येतो. अक्काच्या डाव्या हाताला हे इतकं बसलं की भाकरी थापताना जसा हात परातीत फिरतो तसा तो त्या कोपऱ्यात जायचा. करंगळी, मधलं बोट, पहिलं बोट. खट्. तिला विचारलं असतं की कुठली बटणं दाबलीस, तर तिला सांगता आलं नसतं.

तोच हात पुढं आम्हाला घाबरवणार होता.

डॉक्टरांकडून आल्यावर मी अक्कासाठी दुसरं काम शोधायला लागले. मी तेव्हा कलबुर्गीला वेबपानं बनवायचं शिकत होते आणि शनिवार-रविवार घरी यायचे. पुण्याकडची एक कंपनी शाळेच्या पुस्तकांचा मराठी मजकूर घरबसल्या टाइप करून घ्यायची. घरात, दार लावून, पंख्याखाली. धूळ नाही. अक्कानं अर्ज केला, आणि परीक्षेची तारीख आली ती नेमकी तुरीच्या भर हंगामातली. परीक्षा ब्राउझरमधल्या एका पानावर होती. वर छापील उतारा, खाली रिकामी चौकट, कोपऱ्यात उलटं पळणारं घड्याळ. कॅमेरा चालू ठेवायचा, खोलीत दुसरं कुणी असायचं नाही, आवाज करायचा नाही. पानानं तीन वेळा इशारा दिला की परीक्षा बंद. पुन्हा बसता येणार नाही.

मिलमालक निरोप धाडत होता: येतीस का दुसरी बघू? अक्कानं परीक्षेपर्यंतची सवड मागितली होती. ही परीक्षा गेली तर ती काट्यावर परत जाणार होती, खोकत खोकत. हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

कंपनीनं सरावासाठी एक पान दिलं होतं. एका शनिवारी दुपारी अक्का माझ्या लॅपटॉपवर ते उघडून बसली. दोन ओळी झरझर उतरल्या. तिसऱ्या ओळीत ‘दुसऱ्या’ आला. करंगळी, मधलं बोट, पहिलं बोट. खट्. आणि पडदा लाल झाला.

*इशारा. निषिद्ध बटणांचा वापर. हा गैरप्रकार समजला जाईल.*

अक्कानं दोन्ही हात एकदम उचलून छातीशी धरले, तव्याचा चटका बसल्यासारखे. “मी काय केले गं?”

तिनं एक अक्षर लिहिलं होतं. पण पानाला अक्षर दिसलं नाही, चोरी दिसली.

इथं मला जरा थांबून सांगायला हवं, कारण त्या दिवसापासून हे माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. दोन-तीन बटणं एकदम दाबून एखादं काम चटकन करायचं याला शॉर्टकट म्हणतात. कंट्रोलबरोबर सी दाबला की मजकूर उचलला जातो, व्ही दाबला की उतरवला जातो. वेबपान बनवणारा माणूस पानाला कान बसवतो. तुम्ही बटण दाबलं की ते आधी या कानात जातं. मग पान ठरवतं, हे पुढं चौकटीत जाऊ द्यायचं, याच्यावर काही काम करायचं, की गिळून टाकायचं. म्हणजे तुमचं अक्षर तुमच्या आणि कागदाच्या मधे उभ्या असलेल्या कुणाच्या तरी हातातून जातं. तो मधला माणूस भला असेल तर तुम्हाला कळतही नाही. परीक्षेच्या पानावर त्याला एवढंच सांगून ठेवलं होतं की कंट्रोल दाबणारा उतारा चोरतो. ज्यानं हे सांगून ठेवलं त्याची भाषा कंट्रोलशिवाय लिहिता येत असणार. मराठीतल्या एका अक्षराला त्या बटणाची वाट धरावी लागते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं विचारलं नव्हतं.

पुस्तकी मराठीत बटणाला कळ म्हणतात. दुखण्यालाही कळच म्हणतात. त्या दुपारपर्यंत हे दोन शब्द माझ्या डोक्यात वेगवेगळ्या घरांत राहत होते.

मी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडचा मुलगा गोड बोलणारा होता. कंट्रोलचं कुठलंही बटण चालत नाही म्हणाला. मराठीसाठी वेगळा नियम नाही म्हणाला. मी म्हटलं, अहो पण परीक्षाच मराठीची आहे. तो म्हणाला, तुमची सूचना पुढं पाठवतो मॅडम. पुढं म्हणजे कुठं हे त्यालाही माहीत नसावं.

माझं डोकं तापलं. मी कागद ओढला आणि पत्रक लिहायला बसले. कुणाला सांगायचंय, काय चुकलंय, काय पाहिजे. परीक्षा थांबवा, नियम बदला, मगच मराठी मुलामुलींना बसवा. अक्का दारात उभी राहून बघत होती.

“हे धाडलीस अन् त्यांनी माझं नावच काढून टाकले तर?”

“काढू देत. आपलं खरं हाय.”

“खरं तर हायच की. पर खऱ्यानं दम लागायचा राहतोय व्हय?”

मी अप्पांकडं बघितलं. आयुष्यभर ते ज्या बाजूला उभे राहिले त्याच बाजूला आताही राहतील याची मला खात्री होती. अप्पा चटईवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. त्यांनी वर न बघता म्हटलं, “पत्रक ऱ्हाऊ दे. परीक्षेत विळा आला की टोपी घालून मोकळी व्हय, महादेवी. एक-दोन चुका धरत न्हाईत ते.”

अडकित्ता चालत राहिला. एका टोपीसाठी ज्यांनी छापलेला गठ्ठा परत केला होता, ते अप्पा आता टोपी घाल म्हणत होते. डॉक्टरांच्या शांत बोलण्यानं मी घाबरले होते. या वाक्यानं त्याहून जास्त घाबरले. अप्पा किती घाबरलेत हे मला तेव्हा कळलं.

अक्का म्हणाली, “अप्पा, तुम्ही मला हे शिकवला न्हाईत.”

“मग आता शिक की,” अप्पा म्हणाले आणि सुपारीचा तुकडा तोंडात टाकून उठून बाहेर गेले.

रविवारभर मी कीबोर्डशी झगडत बसले. एकेक बटण दाबायचं, शिफ्ट धरून दाबायचं, काय उमटतं बघायचं. र च्या बटणावर शिफ्ट धरलं तर र उमटला, पण त्याच्या खाली टिंब. मराठीत असा र आम्ही कधी लिहिला नव्हता. सहज म्हणून त्याचा पाय मोडला आणि पुढं य दाबला. टिंब नाहीसं झालं आणि पडद्यावर विळा उभा राहिला. कंट्रोल नाही, एकचा आकडा नाही. सराव-पान गप्प. मी पुन्हा करून बघितलं. पुन्हा विळा.

“अक्का, हितं ये. टिंबातून निघायलाय बघ.”

अक्का आली, तिनं बघितलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. बऱ्याच दिवसांनी हसत होती. हसता हसता खोकला आला.

वाट सापडली, पण हात जुनाच होता. डोक्याला नवी वाट एका दिवसात कळली, डाव्या हाताला कळेना. अक्का म्हणायची, आता टिंबाचा र, आता टिंबाचा र, आणि शब्द आला की करंगळी सरळ कोपऱ्यात. खट्. लाल पडदा. ‘किनाऱ्या’ला लाल, ‘बिचाऱ्या’ला लाल. तिनं करंगळीला चिंधी बांधून बघितली. चिंधीसकट करंगळी तिथंच जायची. मी पाणी आणायला उठले तरी पाठीमागून तो आवाज यायचा आणि मी तांब्या घट्ट धरायचे. खट्. बाहेर शेजाऱ्यांच्या खळ्यात मशीन लागलं होतं आणि तुराट्यांचा चुरा दाराखालून आत सरकत होता. अक्का एकेक अक्षर लिहीत होती आणि मधेच ओढणी तोंडावर धरून थांबत होती.

“कामून ऐकंना गं हे?” ती स्वतःच्या हाताला म्हणाली. “इतकी वरसं मी म्हणलेलं ऐकत होतं की.”

परीक्षेच्या दिवशी सकाळी आम्ही खोलीची खिडकी लावली आणि फटींत ओल्या चिंध्या कोंबल्या. अप्पा शेजाऱ्यांकडं गेले, मशीन जरा उशिरा लावा म्हणायला. शेजारी भले. म्हणाले, तुमच्या पोरीसाठी थांबताव की. पण भाड्याचं मशीन, पुढं दुसऱ्याच्या खळ्यात जायचं होतं, किती थांबणार? मी दाराबाहेर उकिडवी बसले, दाराखालच्या फटीवर ओला टॉवेल दाबून धरत. दोन फळ्यांच्या मधून मला अक्काची पाठ, तिचे हात आणि पडद्याचा एक तुकडा दिसत होता. बोलायची सोय नव्हती. आवाज आत गेला तर तोही गैरप्रकार.

उतारा एका जुन्या विहिरीवर होता. पहिल्या ओळी सुरळीत गेल्या. मी मनात तिच्याबरोबर लिहीत होते. मग लांबून ‘दुसऱ्या’ येताना दिसला, आणि तिचा वेग कमी झाला. र. टिंबाचा र. पाय मोडला. आणि तेवढ्यात, सगळं बरोबर झालेलं असताना, डाव्या हातानं आपली जुनी कामगिरी बजावली. खट्.

पडदा लाल झाला. पहिला इशारा.

अक्का हलली नाही. तिनं खांदे सैल सोडले आणि पुढं लिहू लागली. मी टॉवेल इतका दाबला होता की पाणी कोपरापर्यंत ओघळलं. मग मशीन सुरू झालं. शेजारी तरी किती थांबणार होते? आधी घरघर, मग ती जाड, भरलेली गर्जना, आणि थोड्या वेळानं वास. टॉवेल असून वास आत गेला. अक्काची पाठ एकदा हलली. तिनं खोकला दाबला. पुन्हा हलली. दाबलेला खोकला मला पाठीवरून दिसत होता. कपड्याखाली कुणीतरी बाहेर यायला धडपडतंय असं वाटत होतं. मग ती पुढं वाकली आणि तोल सावरायला तिचा तळवा कीबोर्डवर पडला, पूर्ण डाव्या कोपऱ्यावर.

*दुसरा इशारा. पान सोडण्याचा प्रयत्न.*

पान सोडायचा प्रयत्न म्हणे. ती श्वास घ्यायचा प्रयत्न करत होती. पानाच्या कानाला यांतला फरक कळत नव्हता, कारण त्या कानात बटणंच जातात, छाती जात नाही.

आता एकच इशारा उरला होता, आणि उताऱ्याच्या शेवटाकडं, मला फळ्यांच्या फटीतूनही दिसत होता, ‘पायऱ्यांवर’ उभा होता. मी घाबरले होते असं म्हणणं फार साधं होईल. मला वाटलं, दार उघडून आत जावं आणि तिचा हात धरावा. मला वाटलं, अक्का, टोपी घाल, बाई. घालून टाक टोपी. पत्रकावर वाढलेली मी, मनातल्या मनात हात जोडून टोपीची भीक मागत होते.

अक्कानं लिहिणं थांबवलं. घड्याळ पळत होतं. तिनं डावा हात उचलला, त्याच्याकडं एकदा बघितलं, खुर्चीवर थोडी सरकली आणि तो हात स्वतःच्या मांडीखाली घातला. त्याच्यावर बसली.

मग ती एका हातानं लिहू लागली. मराठी कीबोर्डची काना-मात्रा डाव्या बाजूला असते, व्यंजनं उजव्या. उजवा हात एकटाच इकडून तिकडं धावू लागला, आई आजारी पडली की घरातली एकच मुलगी जशी चुलीपासून पाण्यापर्यंत धावते तसा. मशीन गर्जत होतं. खोकला येत होता आणि ती तो गिळत होती. ‘पायऱ्यांवर’ आला. उजव्या करंगळीनं उजवं शिफ्ट, त्याच हाताच्या पहिल्या बोटानं र. टिंब. हात पलीकडं गेला, पाय मोडून आला. य. मांडीखालचा हात हलल्याचं मला खांद्यावरून दिसलं. तो जायला बघत होता. तिनं वजन त्याच्यावर आणखी टाकलं.

पडदा पांढराच राहिला. पायऱ्यांवर विळा उभा होता.

पुढं चारदोन शब्द होते. ते तिनं लिहिले, आणि शेवटचा पूर्णविराम द्यायच्या आत घड्याळ संपलं. पान आपोआप मिटलं. मग अक्कानं खोकायला सुरुवात केली. मी आत गेले तेव्हा ती टेबलावर कपाळ टेकून खोकत होती आणि डावा हात अजून तिच्या मांडीखाली होता. तो बधिर झाला होता. मी ओढून काढला तेव्हा बोटं पांढरी पडली होती.

काम मिळालं. निकालात एकच चूक दाखवली होती, पूर्णविरामाची. अप्पा म्हणाले, “पूर्णविराम आपल्याला कवाच देता आला न्हाई.” मग तोंड फिरवून बराच वेळ दोरीवरचे कपडे सारखे करत राहिले.

ते पत्रक मी निकालानंतर पाठवलं, अक्काच्या परवानगीनं आणि माझ्या सहीनं. उत्तरात सूचना नोंदवल्याचं कळवलं होतं. त्या पानानं विळ्यापायी अजून किती जणांना लाल पडदा दाखवला असेल, मला माहीत नाही. मिरचीच्या भुकटीनं शिंक येते तशा कितीतरी साध्या गोष्टी माणसाचं शरीर करतं, आणि कुठल्यातरी खोलीत कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं की ही चोरी आहे. चौकीदारानं आधी माणूस बघावा आणि मग शिट्टी वाजवावी, एवढीच माझी मागणी होती. अजून आहे.

आता मी स्वतः वेबपानं बनवते. धान्याच्या व्यापाऱ्यांसाठी, शाळांसाठी, संघटनेसाठी. पानाला कान बसवायची वेळ आली की माझा हात थांबतो. मी आधी बघते की माणूस या घडीला चौकटीत लिहितोय का. लिहीत असेल तर माझ्या पानानं गप्प बसायचं. त्याचं बटण त्याच्या अक्षराला जाऊ द्यायचं. कंट्रोल-शिफ्ट-एक तर मी डोळे झाकून जाऊ देते. सोबत काम करणारी मुलं हसतात, म्हणतात, एवढं कोण दाबतंय. मी सांगत बसत नाही.

आज दुपारी अप्पा नवं पत्रक हातानं लिहून घेऊन आले. दाळमिलमधल्या बायकांना तोंडाला बांधायचे चांगले मास्क आणि धूळ ओढणारे पंखे मिळावेत, असं. अक्का टाइप करायला बसली, मीच संघटनेसाठी बनवलेल्या पानावर. माथ्यावरचा शब्द नेहमीचाच. मी मागे उभी होते. तिनं खुर्चीवर सरकून डावा हात मांडीखाली घातला आणि उजव्या हातानं, टिंबाच्या वाटेनं, हळूहळू विळा काढला.

“अक्का, हे माझं पान हाय. हितं कुणी बघायला न्हाई. जुन्या वाटेनं दाब की.”

“म्हाईताय मला.”

“मग?”

“मला म्हाईताय गं,” ती म्हणाली. “हाताला कुठं म्हाईताय?”

अप्पा पडद्याकडं झुकले. शब्दावर बोट ठेवून त्यांनी विळा बघितला आणि मान हलवली. मग त्यांची नजर खाली, तिच्या मांडीकडं गेली. त्यांनी बोट काढून घेतलं.

बाहेर शेजाऱ्यांच्या खळ्यात मशीन लागलं. आधी घरघर, मग ती भरलेली गर्जना. खिडकीच्या फटीतून उन्हाची तिरीप आत येत होती आणि तिच्यात भुगा तरंगत होता. अक्कानं लिहिणं थांबवलं. तिचा डावा हात मांडीखालून निघाला, कीबोर्डवरून जाताना क्षणभर त्या कोपऱ्यावर घुटमळला, आणि वर जाऊन त्यानं ओढणीचं टोक नाकावर घट्ट धरलं.